गावाच्या नावाची नोट



रामटेकला व्याख्यानास उभे राहावयाचे म्हणजे वक्त्याला थोडे दडपण येतेच. वर गडावर रामरायाचे मंदिर, पलीकडे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन, आणि आषाढातला पहिला ढग दिसला की ज्याचे नाव निघाल्यावाचून राहत नाही तो कालिदास! येथे येणारा वक्ता हजार-दीड हजार वर्षांखाली उतरतच नाही. आम्ही मात्र आपणांपुढे घेऊन आलो आहो ते शे-दोनशे कागदाचे चिटोरे. त्यांतला सर्वांत जुना शंभर-सव्वाशे वर्षांचा, आणि दुकानात नेला तर त्याच्या बदल्यात कोणी काडेपेटीही देणार नाही असा. क्रांती, यादवी किंवा महायुद्ध चालू असता निरनिराळ्या गावांनी, नगरपालिकांनी व छोट्या संस्थानांनी अडचणीपुरत्या छापलेल्या या नोटा. त्या जमवण्याचे वेड आम्हांस कसे लागले हे सांगत बसत नाही. वेड लागण्याची कारणे वेड्याला विचारू नयेत. पण या चिटोऱ्यांच्या पोटात काय आहे ते सांगण्यासारखे आहे, आणि आमच्या हातून घडलेला एक अपराधही आज सांगून टाकावयाचा आहे.

प्रथम एक साधा प्रश्न. गावाला स्वतःची नोट छापावीशी वाटते ती कधी? पुष्कळांचा समज असा की, राज्य बुडाले, खजिना रिता झाला, म्हणजे. तसे नाही. गाव नोट छापते ते मोठा पैसा संपला म्हणून नव्हे, तर सुटे पैसे नाहीसे झाले म्हणून. या सुट्या पैशांचा महिमा आपणांस सांगावयास नको. काही वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बाजारांत पाच रुपयांच्या फाटक्या नोटा प्लॅस्टिकच्या इवल्याशा पाकिटात घालून फिरत असत. नोट दिसतही नसे धड. पण भाजीवाली ती घेई, आणि तिच्याकडून चहावाला घेई. किराणा दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो, तेही त्यातलेच. फरक एवढाच की तेच चॉकलेट आपण त्याला परत देऊ गेलो तर तो घेत नाही. जो आपला कागद परत घेतो त्याचा तो पैसा, आणि जो घेत नाही त्याचे ते चॉकलेट. आजच्या विषयाची निम्मी गुरुकिल्ली येथेच आहे.

आता कल्पना करा. त्रिपुरी पौर्णिमेची रामटेकची यात्रा भरली आहे, आणि लढाईची बातमी आली म्हणून चांदीचे रुपये, अधेल्या, पावल्या घरोघर गाडग्यांत गेल्या आहेत. चांदीची किंमत वाढणार आणि सरकार काय करील याचा नेम नाही, म्हणून ज्याच्या हाती नाणे पडते तो ते दाबून ठेवतो. यात्रेकरूंच्या खिशात दहाच्या नोटा आहेत, पणत्या विकणारी दोन पैसे मागते आहे, कपुरी पानाचा विडा आण्याला आहे. मनसरच्या खाणीवरचा मजूर आठवड्याची मजुरी मागतो. चार माणसांत मिळून एक नोट देऊन कसे भागेल? अशा वेळी जवळच्या छापखान्यात जाऊन कोणी तरी ‘एक आणा’ असे छापून घेतो, खाली सही करतो, शिक्का मारतो. ती चिठ्ठी रामटेकात सगळे घेतात, कारण सही करणाऱ्याला सगळे ओळखतात. अवघ्या दोन कोसांवरच्या मनसरला ती चालेल की नाही, हे मात्र सांगता येत नाही. नोटेची सरहद्द म्हणजे त्या माणसाच्या ओळखीची सरहद्द.

हे कल्पनेतले रामटेक झाले. प्रत्यक्षात हे घडले ते ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनीत. महायुद्ध पुकारल्याबरोबर नाणी गडप झाली, आणि शहरांनी, कारखान्यांनी, पेढ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या काढल्या. त्यांना ते लोक ‘नोटगेल्ड’ म्हणजे अडचणीचा पैसा म्हणत. पुढे तर त्यांना चित्रांचा नाद लागला. हामेल्न गावाने उंदीर पळवून नेणाऱ्या पुंगीवाल्याचीच चित्रे आपल्या नोटांवर काढली, बीलेफेल्ड येथे रेशमावर नोटा छापल्या गेल्या. मौज अशी की १९२० च्या सुमारास या नोटा जमवणारांची संख्या इतकी वाढली की कित्येक गावे केवळ त्यांच्यासाठीच नोटा छापू लागली. गिऱ्हाईकाने विकत घ्यावी, वहीत चिकटवावी, आणि वटवावयास कधीच आणू नये. गावाला निव्वळ फायदा! अशा कोऱ्या करकरीत, सुंदर नोटा आमच्याकडेही आहेत. पण खरे सांगावयाचे तर त्यांच्यावर आमचा जीव नाही. त्यांनी कोणाची अडचण भागवली नाही. १९२३ साली त्याच देशात भाववाढीचा कहर होऊन एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले, तेव्हाच्या घाईघाईने एकाच बाजूस छापलेल्या, कुरूप, शून्यांनी भरलेल्या नोटा आम्हांला अधिक बोलक्या वाटतात. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी नवा रेंटेनमार्क निघाला, आणि एक लाख कोटी जुन्या मार्कांचा एक नवा मार्क झाला.

परंतु गावाची नोट म्हणून जिला खरोखर मानाचे पान द्यावे ती स्पेनची. जुलै १९३६ मध्ये तेथे यादवी सुरू झाली. पेसेता हे त्यांचे नाणे, आणि शंभर सेंतिमोंचा एक पेसेता. एक, दोन व पाच पेसेतांची नाणी चांदीची होती. ती काही आठवड्यांत दिसेनाशी झाली. प्रजासत्ताकाच्या ताब्यातल्या मुलखात, विशेषतः कातालोनियात, आरागोनात व व्हॅलेन्सियाच्या बाजूस, शेकडो नगरपालिकांनी आपापल्या नोटा काढल्या. पंचवीस सेंतिमो, पन्नास सेंतिमो, एक पेसेता, अशा बारीकसारीक रकमांच्या. कागद मिळेल तो, शाई असेल ती. लग्नपत्रिका नि बिले छापणारा गावातला छापखाना असेल त्याच्याकडेच काम दिलेले. वर गावाचे नाव, मध्ये रक्कम, खाली नगराध्यक्षाची व खजिनदाराची सही, आणि रबरी शिक्का. आरागोनात काही खेड्यांनी पैसाच नको असे ठरवून सामुदायिक शेती सुरू केली, आणि थोड्याच दिवसांत तेथेही चिठ्ठ्या काढाव्या लागल्या! पैसा दाराने हाकलला तर खिडकीने आत येतो तो असा.

या नोटांचे आयुष्य थोडे. १९३८ च्या आरंभी प्रजासत्ताकाच्याच सरकारने गावोगावचे चलन मागे घेण्याचा हुकूम काढला, आणि चिल्लरीच्या जागी पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवर तिकिटे चिकटवून ती चालवली. दुसऱ्या बाजूने फ्रँकोचे सैन्य पुढे येत होते. त्याच्या सरकारने प्रजासत्ताकाने युद्धकाळात काढलेले कागद कवडीमोल ठरवले, आणि ऑगस्ट १९३८ मध्ये असा कागद जवळ बाळगण्यासही बंदी केली. म्हणजे गावच्या नगराध्यक्षाने सही केलेली पन्नास सेंतिमोंची चिठ्ठी घरात सापडणे हाच गुन्हा. तरीही त्या उरल्या. कोणी तरी त्या लपवल्या म्हणूनच उरल्या. आमच्याकडे अशी एक नोट आहे. तिला चार घड्या इतक्या घट्ट घातलेल्या होत्या की उघडताना ती चारही रेषांवर उसवली. इतकी बारीक घडी माणूस खर्चासाठी घालीत नाही. ती कशाच्या अस्तरात होती, कोणाच्या, हे आम्हांस विकणाराला ठाऊक नव्हते. त्याने मात्र ‘फाटकी’ म्हणून किंमत कमी लावली.

यादवीत नोटेचे नशीब सैन्याच्या घोड्याला बांधलेले असते. मेक्सिकोत १९१३ नंतर जो सेनापती गावात शिरे तो आपल्या नोटा काढी, आणि तो हरला की लोकांच्या पेट्या रद्दीने भरत. पांचो व्हिलाच्या चिवावा प्रांतातल्या नोटांना लोक ‘चादरी’ म्हणत. रशियात राज्यक्रांतीनंतर शहराशहरांची वेगळी नोट झाली. उत्तरेकडील आर्खांगेल्स्कच्या १९१८ च्या नोटेवर हिमसमुद्रातला सुळेवाला वॉलरस बसला आहे. ही यादी लांबवावी तितकी लांबेल. आता आपल्या घराकडे वळू.

आपल्या गावांनी असे कधी केले काय? इंग्रजी मुलखात तरी नाही, कारण कायदा आडवा होता. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क सरकारने एकट्याकडे घेतला, आणि १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याने तो पक्का झाला. धारकास मागताक्षणी पैसे देईन अशी चिठ्ठी दुसऱ्या कोणी काढणे हा गुन्हा आहे. रामटेकची नगरपालिका १८६७ ची, पुष्कळ शहरांहून जुनी. पण आण्याची चिठ्ठी काढण्याचा अधिकार तिला एक दिवसही नव्हता. तथापि एक गंमत सांगण्यासारखी आहे. सरकारी नोटाही आरंभी गावाला बांधलेल्याच होत्या. देशाचे ‘सर्कल’ पाडलेले असत, आणि त्यांत कलकत्ता, मुंबईच्या जोडीला आपले नागपूर व अकोला यांचीही नावे होती. एका सर्कलची नोट दुसऱ्या सर्कलमध्ये हक्काने वटत नसे. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळून सर्वत्र चालू लागली ती १९०३ साली, आणि शंभराची १९११ साली. पेढीवाले टपालाने नोट पाठवताना तिचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या पाकिटांतून पाठवीत. हुंडीवर पोसलेल्या आपल्या सावकारांना हा सरकारी कागद फारसा थोर वाटत नसला तर नवल नाही. दर्शनी हुंडी दूरच्या शहरीही वटे, आणि राणी सरकारची नोट वेशीवर अडे!

अडचणीचा पैसा आपल्याकडे दोनदा आला. पहिल्या महायुद्धात चांदी अपुरी पडली तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली, आणि पाठोपाठ १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांची. अडीच रुपयांची नोट! ती लोकांना आवडली नाही आणि फार दिवस टिकलीही नाही; आज ती जमवणारांच्या स्वप्नात येते. त्याच १९१७ साली पोर्तुगीज गोव्यातही चार टांगा, आठ टांगा आणि एक रुपिया अशा बारक्या नोटा निघाल्या. सोळा टांगांचा एक रुपिया. म्हणजे त्यांचा टांगा आणि आपला आणा यांचे दुखणे एकच होते.

दुसरी वेळ १९४० ते १९४३ ची. जून १९४० मध्ये सरकारला हुकूम काढावा लागला की गरजेपेक्षा अधिक नाणी साठवणे हा गुन्हा आहे. एक रुपयाची नोट पुन्हा आली. राणीछाप, मग एडवर्डछाप, मग पंचम जॉर्जछाप असे चांदीचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात पाळीपाळीने बाद झाले. तांबे युद्धाकडे गेले म्हणून १९४३ साली पैशाला मध्ये भोक पडले. तो भोकाचा पैसा आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी देवाच्या तबकात किंवा करगोट्यात अजून असेल. पण या भोकाच्या पैशाआधीचा काळ फार ओढाताणीचा गेला. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा; आणि नेमके तेच पैसे व आणे मिळत नाहीत. दुकानदार मोडीऐवजी टपालाची तिकिटे देत.

यावर इंग्रजी मुलखातल्या नगरपालिका काही करू शकत नव्हत्या, पण संस्थानांना तितकी आडकाठी नव्हती. काठेवाडात नवानगर, मोरवी, गोंडल, जुनागड, तिकडे राजपुतान्यात बिकानेर, अशा किती तरी संस्थानांनी ‘कॅश कूपन’ म्हणून पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे काढले. पैसा, अर्धा आणा, एक आणा. आगगाडीच्या जुन्या तिकिटाहून फार मोठे नव्हेत. काहींवर राजाची छबी, काहींवर नुसते राजचिन्ह. यातले दोन तुकडे आम्ही आज आणले आहेत. एकाची कड पाण्याने फुगली आहे आणि मागच्या बाजूस हळदीचा डाग आहे. तो पिशवीतल्या मसाल्यात पडला असेल, नाही तर स्वयंपाकघरातल्या डब्यात. बाजारात कोऱ्या कूपनाला याच्या दहापट किंमत येते. आम्ही ते बदलून घेतले नाही.

आता अपराधाकडे येतो.

ब्रह्मदेश १९४२ साली जपानच्या हाती गेला तेव्हा जपानी सैन्याने तेथे स्वतःच्या नोटा काढल्या. एक सेंटपासून शंभर रुपयांपर्यंत. त्यांवर ‘बी’ हे अक्षर असते, आणि बहुतेकांवर अनुक्रमांक नसतो. ज्याला आपण किती छापल्या हे मोजावयाचेच नाही त्याला अनुक्रमांकाची गरज ती काय? १९४५ साली इंग्रज परत आले आणि त्या नोटा एका दिवसात रद्दी झाल्या. सैनिकांनी रस्त्यावरून त्या उचलून घरी आणल्या. कामठीकडच्या एका वृद्ध जवानाने पुष्कळ वर्षांपूर्वी आम्हांला अशी एक दहा रुपयांची नोट दिली. तो म्हणाला, आम्ही यांनी विड्या पेटवीत होतो. आम्ही हसलो आणि नोट वहीत लावली.

पुढे नागपुरात एका रद्दीवाल्याकडे आम्हांस एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. आत ब्रह्मदेशातल्या याच जपानी नोटांची जाड गड्डी, सुतळीने बांधलेली, आणि तिच्याबरोबर एक लांबट वही. वही आम्ही तेथेच उभ्या उभ्या चाळली. हिशेबाची होती. महिन्याचे नाव, पगार, तांदूळ, तेल, कापड, आणि पुढे रक्कम. पाने उलटावीत तसे आकडे लांबत गेलेले दिसले. वहीला कसर लागली होती, पाने सुटी होत होती. आम्ही नोटा व डबा घेतला, आणि वही रद्दीच्या ताजव्यात परत ठेवली. आम्हांस नोटा हव्या होत्या.

काही वर्षांनी एका गावी याच विषयावर बोलताना तो डबा टेबलावर ठेवला होता. व्याख्यान संपल्यावर एक आजीबाई पुढे आल्या. त्यांनी डब्याचे झाकण उलटे करून पाहिले. आतल्या बाजूस खिळ्याने दोन अक्षरे कोरलेली होती. आमच्या ती कधी लक्षातही आली नव्हती. त्या म्हणाल्या, “भाऊ, या डब्यात एक वहीबी होती काय जी?” त्यांचे सासरे रंगूनला कारकून होते. लढाईत परत येणे जमले नाही, तीन वर्षे तेथेच काढली, आणि १९४६ साली घरी आले ते हा डबा घेऊन. त्या तीन वर्षांबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नाही. सांगावयाचे ते वहीत लिहिले आहे, एवढेच म्हणत. पुढे घराच्या वाटण्या झाल्या आणि अडगळ विकली गेली.

वहीचे काय झाले ते आम्ही सांगितले. आजीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी गड्डीतली एक दहाची नोट हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि विचारले, “इतक्यात काय येत होतं?” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या नोटेचे छापखान्याचे अक्षर, कागदाची जात, तिची बाजारातली आजची किंमत, सगळे आम्हांस पाठ होते. त्या पैशात रंगूनला किती तांदूळ येत होता हे त्या वहीत महिनेवार लिहिलेले होते, आणि ती वही आमच्याच हाताने लगद्यात गेली होती. डबा परत देऊ केला, तर म्हणाल्या, “राहू द्या जी तुमच्यापाशी. लोकं पाहतात तरी.”

कामठीच्या जवानाची नोट आणि रंगूनच्या कारकुनाची नोट आज शेजारी ठेवली तर कोणाही तज्ज्ञाला वेगळी ओळखता यावयाची नाही. एकीने विडी पेटत होती, दुसरी तीन वर्षांचा पगार होती. तेव्हापासून आम्ही एक नोंदवही ठेवली आहे. नोट कोणाकडून आली, त्याने काय सांगितले, कशात गुंडाळलेली होती, हे त्याच दिवशी, त्याच माणसाच्या शब्दांत लिहितो. स्पेनच्या त्या उसवलेल्या नोटेपुढे नोंदवहीत ‘चार घड्या’ एवढेच आहे. तेवढेही पूर्वी लिहिले नसते.

आता ज्यांना हा नाद लावून घ्यावयाचा असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. आझाद हिंद बँक एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला निघाली; तिच्या नावाच्या नोटा आज बाजारात ज्या सहजतेने मिळतात ती सहजताच संशयास्पद आहे. नेताजींचे नाव पाहून डोळे भरून येतात आणि खिसा रिकामा होतो. तेव्हा जाणत्यास दाखविल्याशिवाय घेऊ नये. फाटक्या नोटेला चिकटपट्टी कदापि लावू नये. पाच-दहा वर्षांत ती पिवळी पडून कागद खाते. स्वस्त प्लॅस्टिकची पाकिटे नागपुरी उन्हाळ्यात घामेजतात आणि शाई उचलतात. कसर व वाळवी यांना पावसाळ्यात आमंत्रण लागत नाही, म्हणून मृगापूर्वी एकदा आणि दसऱ्याला एकदा सगळे उघडून पाहावे. जाता जाता कायद्याचीही एक गोष्ट. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी बाद झालेल्या पाचशे व हजाराच्या नोटा १९१७ च्या त्या रुपयाइतक्या निरुपद्रवी नाहीत. २०१७ च्या कायद्याने त्या दहापेक्षा अधिक बाळगता येत नाहीत. अभ्यासासाठी वा संग्रहासाठी मर्यादा पंचवीस. आठवणीखातर आजोबांच्या पेटीत एखादी ठेवली असेल तर राहू द्या, गड्डी ठेवू नका. आणि त्या महिन्यात तुमच्या वाण्याने वहीचे पान फाडून ‘पन्नास रुपये जमा’ असे लिहून दिले असेल, आणि ती चिठ्ठी कुठे जपून राहिली असेल, तर ती आम्हांस दाखवा. हजाराच्या नोटा छापखान्याने कोट्यवधी काढल्या. ती चिठ्ठी एकच आहे.

येथे समोर टेबलावर सगळा संग्रह मांडला आहे. स्पेनच्या नोटा डाव्या हाताला, कूपने मध्ये, आणि तो डबा शेवटी. पाहावयास जरूर या. हात मात्र कोरडे असू द्या. नोंदवही व पेन्सिल डब्याशेजारीच ठेवली आहे. कोणाच्या घरी असा कागद असेल त्याने आपले नाव लिहिले नाही तरी चालेल. पण तो कागद घरात कोणी, कोठून, कशात घालून आणला, तेवढे लिहून जावे. आम्ही रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत येथेच आहो.